दोनशे ब्याऐंशी जणी

वसुबारस आली की आमच्या वाड्यात गाय-वासराची पूजा होते. त्या दिवशी गहू आणि दूधदुभते वर्ज्य. संध्याकाळी बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी. लग्नाला आठ वर्षे झाली, तरी त्या लेकुरवाळ्यांत मी आपली तबक धरून उभी असे. सासूबाईंनी कधी टोचून विचारले नाही. शेजारणी मात्र विचारीत.

अखेर डॉक्टरीणबाईंनी टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सुचवला. हे म्हणाले, "तुला हवे असेल तर करू." मी म्हणाले, "तुम्हाला हवे असेल तर." असे महिनाभर चालले. खर्च मोठा, आणि यशाची हमी कोणीच देईना. मास्तरकीचा धंदा, काही ठरेनासे झाले की पुस्तक उघडायची खोड. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, तेव्हा कोश जवळ घेऊन या उपचाराचा इतिहासच वाचून काढला.

इंग्लंडात ब्रिस्टल येथे लेस्ली ब्राऊन नावाची एक बाई होती. दोन्ही बीजवाहिन्या बंद असल्याने नऊ वर्षे मूल नव्हते. १० नोव्हेंबर १९७७ रोजी ओल्डहॅमजवळच्या एका छोट्या रुग्णालयात डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी तिचे स्त्रीबीज काढले. रॉबर्ट एडवर्ड्‌स यांनी काचेच्या बशीत त्याचा पुरुषबीजाशी संयोग घडवला. आणि जीन पर्डी या परिचारिकेने त्या गर्भाची राखण केली. २५ जुलै १९७८ च्या रात्री लुईझ जन्माला आली. याच कामाला १९७१ साली तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसा नाकारला होता!

पुढे अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. 'दुर्गा' या नावाने ती ओळखली गेली. गर्भ गोठवून ठेवण्याचे तंत्र त्यांनी वापरले होते. पण सरकारी समितीने त्यांचा दावा धुडकावला, परदेशी विद्वानांपुढे आपले काम मांडायला जाऊ दिले नाही. १९ जून १९८१ रोजी या डॉक्टरांनी आत्महत्या केली.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांचे हे यश. याच आनंदकुमारांनी १९९७ साली मुखोपाध्यायांच्या टिपणवह्या तपासल्या आणि पहिलेपणाचा मान त्यांचाच, असे उघड सांगून टाकले. आपल्या डोक्यावरचा फेटा असा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारी माणसे थोडीच!

पण माझे मन अडले ते दुसऱ्याच एका आकड्यापाशी. ओल्डहॅमच्या जुन्या वह्या पुढे अभ्यासकांनी उघडल्या. १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रिया त्या उपचाराला सामोऱ्या गेल्या होत्या. बाळे जन्मली दोन. बाकीच्या २८० जणी रिकाम्या ओटीने घरी परतल्या. त्यांची नावे कुणाच्या ओठी नाहीत. पण त्यांच्या चुकलेल्या प्रत्येक खेपेतून डॉक्टर काही ना काही शिकत गेले, म्हणून लेस्लीची ओटी भरली.

त्या रात्री मी यांना म्हटले, "होईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. न झाले तर आपण काय करायचे, एवढेच आज ठरवू." आणि ते ठरले. खेप एकच करायची. कर्ज काढायचे नाही. नाही साधले, तर कुणी कुणाला बोल लावायचा नाही, आणि घरात त्या गोष्टीचे सुतकही धरायचे नाही.

खेप केली. साधले नाही. पंधरा दिवस मी खोलीबाहेर आले नाही. हे मुकाट्याने चहा करून आणीत. सोळाव्या दिवशी शाळेत गेले. चौथीच्या पोरांनी फळ्यावर माझे नाव चुकीचे लिहून ठेवले होते. ते पुसताना पुष्कळ दिवसांनी हसू आले. आज उपचार पुष्कळ सुधारले आहेत, अनेकांची घरे त्यांनी भरली आहेत. आमचे भरले नाही. तरी केले याचा पस्तावा नाही, आणि थांबलो याचाही नाही.

वाचकहो, यंदा फराळाला तुमच्या घरी असे एखादे जोडपे येईल. "गोड बातमी केव्हा?" असे त्यांना विचारू नका. चकली कशी झाली, ते विचारा.