पायमोजे आणि महायुद्ध

महायुद्ध म्हटले की आपल्याला तोफा, रणगाडे आणि चर्चिलसाहेबांचा चिरूट आठवतो. पण दुसऱ्या महायुद्धाची एक आघाडी बायकांच्या पोटऱ्यांवर होती, हे आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी कधी सांगितले नाही. सांगतील कसे? ते स्वतः धोतर नेसत!

१५ मे १९४० रोजी अमेरिकेत नायलॉनचे पायमोजे सर्वत्र विक्रीला आले आणि वर्षभरात सहा कोटींवर जोड खपले. तोवर मोजे रेशमाचे, आणि रेशीम जपानचे. १९४१ साली ते रेशीम बंद झाले. पुढच्याच वर्षी नायलॉनही लष्कराने उचलले. पॅराशूट, दोरखंड, टायर, सगळ्यांना तेच हवे. आता घरातली बाई भांडणार कोणाशी? सरसेनापतीशी?

पण बाईमाणूस ते! पायांना रंग फासायचा आणि मोज्याची मागची शिवण भुवयांच्या पेन्सिलीने पोटरीवर ओढायची. ही रेघ स्वतःची स्वतःला सरळ काढता येत नाही, हे ध्यानात घ्या. ती कोणाकडून काढून घेतली, यावर तीन अंकी नाटक सहज उभे राहील. इंग्लंडात तर रस्सा तपकिरी करायची पूडही पायांना लावत. पाऊस आला की पायांचा रस्सा!

तिथे १ जून १९४१ पासून कपड्यांना कूपने लागत. अशात एखादा अमेरिकन शिपाई नायलॉनचा जोड खिशात घालून नाचाला आला, की बिचाऱ्या गाववाल्या पोराने रात्र रात्र जागून लिहिलेल्या कवितेला कोण विचारतो? मी स्वतः उमेदीच्या काळात कविता केल्या आहेत. माझी सहानुभूती कोणाकडे, हे सांगायला नकोच.

युद्ध संपले, पण टंचाई संपली नाही. जून १९४६ मध्ये पिट्सबर्गला १३,००० जोडांसाठी ४०,००० माणसे रांगेत उभी होती. झिंज्या उपटण्यापर्यंत मजल गेली म्हणतात. हसू नका. रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभा राहिलेला माणूस कुठल्याच रांगेला हसत नाही.

आणि लष्कराने पळवलेल्या त्या नायलॉनचे काय झाले? ऑगस्ट १९४४ मध्ये एक अमेरिकन वैमानिक जपानवरच्या हल्ल्यातून परतत होता. विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि त्याने चीनच्या हद्दीत उडी टाकली. पॅराशूटने जीव वाचवला, आणि रात्रभर तेच अंगावर पांघरून तो पडून राहिला. घरी परतल्यावर त्याने प्रेयसीला मागणी घातली ती हेच पॅराशूट पुढे करून. १९४७ साली त्याच कापडाचा पोशाख घालून ती लग्नाला उभी राहिली.

मोज्यांचा जोड देऊन मन जिंकणारे पुष्कळ होते. पण आपला जीव ज्याला लटकला होता, ते कापडच हातात ठेवणाऱ्याला ती पोरगी नाही कशी म्हणणार?