नलगोंड्याच्या विहिरी

हैदराबाद शहरातून उस्मानिया विद्यापीठाच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे तारनाका हा भाग लागतो. तेथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. माणसाने काय खावे व किती खावे याचा विचार करणाऱ्या या संस्थेचा पाठीच्या आणि गुडघ्यांच्या दुखण्याशी काय संबंध, असा प्रश्न नवख्या माणसास पडणे स्वाभाविक आहे. परंतु हा संबंध आहे, आणि तो एका विहिरीच्या काठाने जुळलेला आहे.

पायात काटा रुतला म्हणजे जी कळ येते ती उपकारकच म्हटली पाहिजे. ती आली नाही तर काटा आत राहून पाय सडेल. काटा निघाला की कळही जाते. तीन महिने उलटून गेले तरी जे दुखणे हटत नाही, त्याला वैद्यकात जुनाट दुखणे म्हणतात. अशा दुखण्यात काटा कोठे आहे हेच पुष्कळदा सापडत नाही. सांध्यांची झीज, मणक्यांत दबलेली शीर, मधुमेहाने बिघडलेले मज्जातंतू अशी त्याची नाना कारणे असतात. आणि कित्येकदा मूळ इजा भरून आल्यावरही मज्जातंतू जणू सवयीनेच कळ पुढे पाठवीत राहतात. औषधाने ती बोथट करता येते. पण कळ बोथट करणे निराळे आणि काटा शोधणे निराळे. हैदराबादहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या नलगोंडा जिल्ह्यात हा शोध कसा लागला, आणि लागल्यावरही काय झाले, ही हकिकत सांगण्यासारखी आहे.

तारनाक्यावरील संस्था मुळात तेथली नव्हे. १९१८ मध्ये सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केले. त्याचीच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली, तेव्हा डॉ. वि. ना. पटवर्धन हे तिचे संचालक होते. राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव तिला १९६९ मध्ये मिळाले. भुकेच्या आणि अपुऱ्या आहाराच्या रोगांचा अभ्यास करावयाचा, तर रोगी जेथे आहेत तेथेच जावे लागते. तेलंगणातील ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांची वस्ती आता या संशोधकांच्या दाराशीच होती.

त्या वस्त्यांतून एक जुने दुखणे घर करून होते. चाळिशीच्या आतबाहेरचा शेतकरी प्रथम कंबर धरली असे म्हणे. मग मान आखडे. हातापायांना मुंग्या येत. पुढे पुढे पाठीचा कणा इतका ताठ होई की खाली पडलेली वस्तू उचलताना सबंध शरीर वाकवावे लागे, आणि शेवटी काहींचा कणा पुढे वाकून तसाच कायम राही. गावचा वैद्य त्यास वात म्हणे, शहरातला डॉक्टर संधिवात म्हणे, आणि घरातली म्हातारी माणसे नशीब म्हणत. या तिन्ही निदानांत विहिरीचे नाव नव्हते.

वास्तविक विहिरीची खूण गावातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडात होती. दात येण्याच्या वयात जी मुले असे पाणी पितात, त्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे व तपकिरी पट्टे उमटतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत, कारण ते दातांवर नसून दातांतच असतात. अशा गावच्या शाळेत मुले हसताना तोंडावर हात ठेवतात. शाळातपासणीस येणाऱ्यांनी हजेरीपटाइतकेच लक्ष त्या हातांकडे दिले असते, तर पुष्कळ काळ वाचला असता.

दातांच्या या डागांचा उलगडा दूर अमेरिकेत झाला. कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हे डाग पाहिले आणि तो तीस वर्षे त्यांच्या मागे लागला. अखेर १९३१ मध्ये चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यात फ्लोराइड असल्याचे दाखविले. हाडांचा धागा मात्र डेन्मार्कमध्ये सापडला. कोपनहेगनच्या कारखान्यात ग्रीनलंडहून आणलेला क्रायोलाइट नावाचा खनिज दगड कुटणाऱ्या कामगारांची हाडे क्षकिरणांच्या चित्रांत विलक्षण दाट दिसत होती. काय रोहोल्म या डॉक्टराने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९३७ मध्ये. आणि त्याच १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट व त्यांचे सहकारी यांनी हाच रोग खेडुतांच्या हाडांत दाखवून दिला. तेथील शेतकऱ्यांना तो आधी आपल्या बैलांत दिसला होता, असे सांगतात. नांगराचे बैल अवेळी लंगडू लागले तेव्हा माणसांच्या लंगडण्याकडे लक्ष गेले. कोपनहेगनच्या कामगारांनी जे धुळीतून घेतले, ते नेल्लोरच्या खेडुताने घागरीतून घेतले, एवढाच फरक.

फ्लोराइड येते कोठून? तेलंगणाची भूमी ग्रॅनाइट दगडाची आहे. त्या दगडातील काही खनिजांत फ्लोराइड असते, आणि पाणी जितके खोल व जितका काळ त्या दगडाशी राहील, तितके ते त्यात उतरते. पाऊस कमी, ऊन कडक, त्यामुळे उरलेले पाणी आणखी घट्ट होते. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा असल्याने बव्हंशी बचावला आहे. पण तो कातळ जेथे संपत येतो त्या बाजूच्या चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील कित्येक गावांना हे दुखणे परके नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे, अशी मर्यादा आहे. थोडे असले तर दात किडत नाहीत. अधिक असले तर हाडे बिघडतात. एकाच द्रव्याचा असा दुहेरी स्वभाव असल्याने त्यास सरसकट विष म्हणणेही चुकीचे ठरते.

हाडाच्या घडणीत शिरून फ्लोराइड तेथील मूळ घटकाची जागा घेते. हाड दाट होते, पण चिवट राहत नाही. एवढेच झाले असते तर दुखणे कदाचित उशिरा कळले असते. पण मणक्यांना बांधून ठेवणारे बंधही हळूहळू चुन्यासारखे कडक होतात, कणा एकसंध काठी बनतो, आणि मज्जारज्जूची वाट आकसून हातापायांची शक्ती जाते. पुढच्या हाताच्या दोन हाडांमधला पडदाही कडक होतो, व त्याचे क्षकिरण चित्र हा डॉक्टरांना मोठा पुरावा असतो. तथापि खेड्यात यंत्र नसले तरी अडत नाही. गुडघे न वाकविता पायांचे अंगठे धरता येतात काय, हनुवटी छातीला टेकते काय, दोन्ही हात मानेमागे नेता येतात काय, एवढे पाहिले तरी शंका घेण्यापुरते समजते.

नलगोंड्याच्या रोग्यांचे सविस्तर वर्णन हैदराबादचे डॉ. ए. एच. सिद्दिकी यांनी १९५५ मध्ये एका प्रसिद्ध ब्रिटिश वैद्यक पत्रिकेत केले. त्यानंतर तारनाक्याच्या संशोधकांपुढे एक नवेच चित्र आले. १९७३ मध्ये डॉ. कृष्णमाचारी व डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी नोंद केली की, या भागातील वाढत्या वयाची मुले, त्यांतही विशेषतः मुलगे, गुडघे आत वळून अपंग होत आहेत. हा वृद्धांचा ताठा नव्हता. मऊ हाडांची ही वाकडी वाढ होती. मग प्रश्न निघाला की, पाणी तर पूर्वीही होते, आताच हे का? नागार्जुनसागर धरणाचे पाणी १९६७ मध्ये कालव्यांतून खेळू लागले होते. जमिनीतील पाणी वर येऊन पिकांत मॉलिब्डेनम हे द्रव्य वाढले असावे, आणि त्यामुळे शरीरातले तांबे निघून जात असावे, असा तर्क मांडला गेला. ज्वारीतील मॉलिब्डेनम वाढले की तांबे अधिक बाहेर पडते, हे देवस्थळे व गोपालन यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. ज्वारीच्या आहारावर भातापेक्षा अधिक फ्लोराइड अंगात राहते, असेही याच संस्थेत आढळले. धरणाचा दोष किती, हा वाद मिटला असे म्हणवत नाही. पण पाणी, अन्न आणि गरिबी यांचे दुखण्यात कसे संगनमत होते, हे मात्र तेव्हापासून नाकारता आले नाही. ज्याच्या ताटात दूध असते, त्याच्या हाडांवर हेच पाणी थोडे सौम्य वागते.

आता उपचार. साचलेले फ्लोराइड हाडांतून काढून टाकील असे खात्रीचे औषध नाही. वेदनाशामक गोळ्यांनी दिवस ढकलता येतो. व्यायामाने आखडणे लांबते. वळलेले गुडघे व दबलेला मज्जारज्जू यांवर शस्त्रक्रिया करता येते. कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांनी आधार मिळतो. या संस्थेतील डॉ. अर्जुन खंदारे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये चिंचेचा प्रयोग प्रसिद्ध केला: रोजच्या जेवणात चिंच दिली असता मुलांच्या लघवीवाटे अधिक फ्लोराइड बाहेर पडले. तेलंगणाच्या सारातली चिंच अशी कामी यावी, ही गंमतच आहे. परंतु तीही पूरकच. खरा उपाय घागर बदलणे हाच.

त्यासाठीची युक्ती नागपुरात निघाली. तारनाक्यास पोषण प्रयोगशाळा आली त्याच १९५८ साली नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था स्थापन झाली. ‘नीरी’ या नावाने आज ती सर्वांस ठाऊक आहे. तेथील नवलाखे, कुळकर्णी, पाठक व बुलुसु यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीस ‘नलगोंडा पद्धत’ असेच नाव मिळाले. पाण्यात चुना, तुरटी व थोडी ब्लीचिंग पावडर घालावयाची, दहा मिनिटे ढवळावयाचे, तासभर निवळू द्यावयाचे आणि वरचे पाणी गाळून घ्यावयाचे. वीज नको, यंत्र नको. हाडांच्या कोळशातून पाणी गाळण्याचीही एक रीत आहे, पण पाण्यात हाड ही कल्पनाच पुष्कळ घरांना सोसवणारी नव्हती. तुरटीला कोणाचा आक्षेप नव्हता.

आक्षेप नसला तरी अडचण होती. तुरटीचे प्रमाण प्रत्येक विहिरीगणिक वेगळे. गाळ टाकावयाचा कोठे? पाण्याची चव बदलते ती निराळीच. आणि हे सारे रोज करावयाचे कोणी, तर जिची कंबर आधीच धरली आहे त्या घरच्या बाईने, पहाटे शेतावर जाण्यापूर्वी. जे दुखणे वीस वर्षांनी येणार त्यासाठी आज तासभर थांबा, असे तिला सांगणे कागदावर सोपे आहे. शिवाय याच काळात दुष्काळावर तोड म्हणून गावोगाव खोल कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि जंतूंपासून सुरक्षित म्हणून वाखाणलेले ते पाणी पुष्कळ ठिकाणी उघड्या विहिरीपेक्षा अधिक फ्लोराइडचे निघाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण पाणी देणाऱ्यांनी ते एकदा तपासून द्यावयास हवे होते, एवढे म्हटले तर अन्याय होणार नाही.

नदीचे पाणी नळाने आणावे, ही मागणी नलगोंड्याने पुष्कळ वर्षे केली. तेलंगण राज्य २०१४ मध्ये झाल्यावर ‘मिशन भगीरथ’ या योजनेचे काम हाती घेण्यात आले, आणि २०१६ पासून कृष्णा व गोदावरी यांचे शुद्ध केलेले पाणी या योजनेतून खेड्यांकडे येऊ लागले. १९३७ पासून मोजले तर मधे जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. नव्या पाण्यावर वाढणाऱ्या मुलांचे दात पांढरे येतील. ज्यांचे दुखणे नुकते सुरू झाले होते, त्यांना पाणी बदलल्यावर काही महिन्यांत आराम वाटू शकतो. ज्यांचा कणा पूर्वीच काठीसारखा झाला, त्यांच्या हाडांतून फ्लोराइड उतरावयास वर्षानुवर्षे लागतात आणि कडक झालेले बंध सैल होत नाहीत. त्यांच्या दारातही आता नळ आहे, पण तेथवर चालत जाण्यास त्यांना दुसऱ्याचा हात लागतो.