निबंधाचा विषय : ‘माझा प्रवास’

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की मराठीच्या पहिल्या तासाला एक निबंध ठरलेला असतो : ‘माझा प्रवास’. आमच्या गुरुजींनी तो आम्हांला घातला, आम्ही तो आमच्या मुलांना घालतो. चाळीस वह्या तपासायला घ्याव्यात आणि चाळीसही वह्यांत एकच सहल निघावी. पहाटे लवकर उठलो, डबे बांधले, गाडीत बसलो, निसर्गाची शोभा पाहून डोळ्यांचे पारणे फिटले, आणि दिवस केव्हा मावळला ते कळलेच नाही! डोळ्यांचे पारणे फिटले नाही असा मुलगा मला उभ्या नोकरीत एकच भेटला. त्याचीच ही हकिगत आहे. पण तिच्याकडे यायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

आमचा अकोले तालुका प्रवाशांच्या आवडीचा. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आमचे, हरिश्चंद्रगड आमचा, रतनगड आमचा. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूला झाडे काजव्यांनी लखलखू लागली की मुंबई-पुण्याची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून रात्र काढायला येतात. आमच्या पोरांना त्याची मोठी मौज वाटते. जिथे आपला बाप रोज गुरे घेऊन जातो तिथे झोपायला कोणी एवढ्या लांबून यावे, हे त्यांना उमगत नाही.

तर तो मुलगा. सातवीत होता, डोंगराकडच्या एका वाडीचा. त्याने लिहिलेला प्रवास होता नारायणगावचा. सुटीत तो बापाबरोबर कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर या वाटेने मजुरीला गेला होता. त्या बाजूला आमच्या डोंगरातली पुष्कळ माणसे हंगामाला जातात. भल्या सकाळी बाजारात उभे राहायचे, बागायतदार येतो, भाव ठरतो, आणि तो नेईल त्याच्या शेतावर जायचे. पहिल्या दिवशी त्यांना कोणीच नेले नाही. रात्री दोघे एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपले. वाक्ये तुटक, ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने आनंद. निसर्गाची शोभा औषधालाही नाही. मी दहापैकी तीन गुण दिले आणि खाली लाल शाईने शेरा मारला : ‘हे प्रवासवर्णन नाही.’

त्याच हिवाळ्यात मी विष्णुभट गोडसे यांचे पुस्तक पुन्हा वाचायला काढले. वाचकांपैकी अनेकांनी ते वाचले असेल. त्याचे नाव काय आहे, हे माझ्या ध्यानात आहे असे मी समजत होतो. पण त्या दिवशी मुखपृष्ठाकडे पाहिले आणि चपापलो. त्याचे नाव ‘माझा प्रवास’!

विष्णुभट हे पेणजवळच्या वरसईचे. जन्म १८२७ चा. घरचा धंदा भिक्षुकीचा, आणि डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून तिथे ब्राह्मणांना मोठी दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणात येऊन पोचली. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण काकांना बरोबर घेऊन १८५७ साली घराबाहेर पडला. देश पाहावा, तीर्थे करावीत, ही हौस होतीच. पण पायांना खरी गती दिली ती कर्जाने. आगगाडी मुंबईहून १८५३ साली ठाण्यास आणि १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोचली होती. उत्तरेच्या वाटेवर तिचा काही उपयोग नव्हता. पुण्याहून पुढे, सातपुडा ओलांडून, मजल दरमजल जायचे. संध्याकाळ झाली की धर्मशाळा शोधायची, स्नानसंध्या उरकायची, चूल मांडायची आणि उशाशी गाठोडे घेऊन पडायचे.

महूच्या छावणीपाशी पोचेपर्यंत तो निव्वळ दक्षिणेसाठी निघालेला भिक्षुक होता. तिथे शिपायांच्या तोंडून त्याला काडतुसांची आणि पुढे होणाऱ्या दंग्याची कुणकुण लागली. शहाणा माणूस माघारी फिरला असता. पण रिकाम्या हाताने परतायचे तर कर्ज होते तिथेच होते. तो पुढे गेला, आणि इतिहासाच्या ऐन वणव्यात सापडला.

पुढची कथा मोठी आहे. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत हे काका-पुतणे झाशीस पोचले आणि तिथेच अडकले. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला. एप्रिलच्या प्रारंभी फौज आत शिरली. राणी लक्ष्मीबाई रात्री किल्ल्याबाहेर पडल्या. मागे राहिलेल्या शहरात जी कत्तल आणि लूट झाली, ती शहराच्या आत लपून बसलेल्या माणसाच्या नजरेने गोडसे सांगतात. सोनेनाणे आधी गेले, मग भांडी, मग कपडालत्ता, आणि अखेर धान्यही गेले. गोऱ्या सेनापतींच्या खलित्यांत शहर कोणत्या दिवशी पडले ते मिळते. लपलेल्या माणसाला तहान किती लागते, ते खलित्यांत मिळत नाही.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणीचीच गाठ पडते. पुरुषी वेष, अंगावर धूळ, आणि तहानलेली. गोडसे पाणी काढून देऊ लागतात, तेव्हा ती त्यांना थांबवते आणि स्वतःच्या हाताने पाणी काढून घेते. झाशीच्या राणीवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. पण पराभवानंतरच्या त्या थकव्याचे इतके साधे चित्र मला अन्यत्र आढळलेले नाही. ते एका भिक्षुकाला दिसले, कारण तोही त्या वेळी तहानेने त्याच विहिरीवर आला होता.

चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी इतकी पायपीट झाली. वाटेत मिळवलेली दक्षिणा लुटारूंनी आणि शिपायांनी एकाहून अधिक वेळा लुबाडली. अखेर अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट वरसईस परतले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. मात्र खांद्यावर गंगेची कावड होती, आणि तिच्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कर्ज फेडायला गेलेला मुलगा पाणी घेऊन आला, आणि घरच्यांनी त्यातच समाधान मानले.

हे लिहून ठेवायचे त्यांच्या मनात नव्हते. पुढे इतिहासकार म्हणून नाव मिळवणारे चिंतामण विनायक वैद्य यांच्या घराण्याचे ते उपाध्ये. वैद्यांनी आग्रह केला म्हणून १८८३ साली त्यांनी आठवेल तसे लिहून काढले. पुस्तक छापून आले १९०७ साली. तेव्हा लेखक हयात नव्हते. तेही वैद्यांनी भाषा घासूनपुसून, मजकुरात फेरफार करून छापले होते. मूळ हस्तलिखितावरून केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे विष्णुभटांची स्वतःची बोली महाराष्ट्राला ऐकायला मिळाली.

पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिलेल्या मजकुरात चुका असणारच. तिथी चुकतात, ऐकीव गोष्टी पाहिलेल्या गोष्टींत मिसळतात. अभ्यासकांनी ते दाखवून दिले आहे. परंतु रात्र कुठे काढली, भूक कशी भागवली, भीती कोणत्या बाजूने आली, या बाबतीत माणसाची स्मृती सहसा दगा देत नाही. आज आपण ते पुस्तक उघडतो ते याच गोष्टींसाठी.

आता आमच्या डोंगराकडे वळतो. विष्णुभट उत्तरेत वणवा पाहत हिंडत होते, त्याच वर्षी तो आमच्या दाराशीही पेटला होता. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नांदूर शिंगोटे गावचा भागोजी नाईक हा पूर्वी नगरच्या पोलिसांत अंमलदार होता. १८५५ साली दंग्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली, आणि सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. १८५७ साली तो गाव सोडून निघाला आणि भिल्लांची टोळी घेऊन डोंगराच्या आश्रयाने राहिला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याच्याशी झालेल्या चकमकीत पोलिसांचा अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार झाला. तिथून पुढे दोन वर्षे हा पाठलाग चालला. १८५९ च्या नोव्हेंबरात फ्रँक सूटरच्या तुकडीने सिन्नर तालुक्यात त्याला गाठून मारले, तेव्हा तो थांबला.

याच्याही आधीची गोष्ट आमच्या तालुक्यातल्या देवगावच्या भांगऱ्यांची. गडकिल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्या महादेव कोळ्यांची पेशवाई गेल्यावर जी आबाळ झाली, तीतून १८२९-३० साली बंड उठले, आणि पुढे १८४४-४५ साली राघोजी भांगऱ्याचे. त्याने सावकारांची नाके कापली, आणि सरकारने त्याच्या मागे फौज लावली. १८४८ च्या जानेवारीत तो पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढला. राघोजीच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात.

आणि दैवाची गंमत पाहा. भागोजीच्या भिल्लांचा पाठलाग करायला कंपनी सरकारने कोणाला उभे केले? याच डोंगरांतल्या कोळी तरुणांना! नटॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली १८५७ साली त्यांची एक पलटण उभारली आणि गरज सरल्यावर १८६१ साली ती मोडून टाकली. त्यांचे बाप राघोजीला भाकर पोचवत असतील, आणि मुले सरकारचा पगार घेऊन शेजारच्या डोंगरात भिल्लांना हुडकत फिरली असतील. तीही विशी-पंचविशीची पोरे. त्यांनीही रात्री काढल्या, पावसात भिजून, गुहेत, कुणाच्या तरी पडवीत. कोणाला घरची आठवण आली असेल, कोणाला समोरचा भिल्ल ओळखीचा निघाला असेल.

असेल, असेल, असेल. माझ्या हातात एवढेच उरते. कारण त्यांच्यात विष्णुभट नव्हता. जे आहे ते सगळे पाठलाग करणाऱ्यांनी लिहिलेले. कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांची हकिगत लिहिली. तिच्यावाचून आमचे पानही हलत नाही. पण हा मॅकिंटॉश म्हणजे त्यांचे बंड मोडणारा अधिकारी. पारध्याने हरणाचे चरित्र लिहावे, तसे ते आहे : माहिती पुष्कळ, नजर मात्र बंदुकीच्या नळीवरून गेलेली. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. ‘असेल’च्या जागी ‘होते’ घालायला मला वेळ लागत नाही. परंतु त्याला इतिहास म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

हे सारे मनात घोळत असताना एका रात्री मला तो नारायणगावचा निबंध आठवला आणि अंगावर सरसरून काटा आला. दुसऱ्या दिवशी वही शोधू लागलो. वर्ष संपले होते. मुलगा शाळा सोडून गेला होता, आणि जुन्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. ज्या कागदासाठी आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या कोळ्यांच्या नावाने हळहळतो, तसलाच एक कागद माझ्या टेबलावर आपल्या पायांनी चालत आला होता, आणि मी त्याला तीन गुण देऊन वाटेला लावले होते. मॅकिंटॉशला निदान हकिगत टिपून ठेवण्याचे सुचले होते!

त्या निबंधातले जेवढे आठवते तेवढे इथे देऊन ठेवतो. दुकानाच्या पायरीवर झोपताना बापाने मुलाला भिंतीकडे घेतले आणि स्वतः रस्त्याच्या कडेला झोपला. रात्री एक अनोळखी म्हातारी येऊन त्यांच्या शेजारी बसली. तिच्याजवळ शेंगा होत्या, त्या तिने मुलाला दिल्या. पहाटे चहा एकच घेतला. बाप म्हणाला, मला तहान नाही. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या शेतावर काम मिळाले. परतताना मुलाने आईसाठी काही आणले होते. काय ते मला आठवत नाही. गंगेची कावड नव्हती एवढे खास.

दरांचे आकडे त्याने लिहिले होते. मजुरी किती ठरली, मुकादम किती कापतो, गाडीचे भाडे किती, सगळे होते. ते मी विसरलो. कोणी अभ्यासक पन्नास वर्षांनी आमच्या डोंगरातल्या मजुरांचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला हे आकडे सरकारी कागदांत शोधावे लागतील. तिथे ते पायरीवर झोपलेल्या पोराच्या हातचे नसतील.

त्यानंतर मी निबंधाचा विषय बदलला आहे. ‘घराबाहेर काढलेली एक रात्र’ असा विषय घालतो. आरंभी मुले बुजतात. मग कोणी राखणीच्या माळ्यावरची रात्र लिहितो, कोणी ऊसतोडीच्या कोपीतली, कोणी नवरात्रात अंधारातच कळसूबाई चढल्याची, कोणी आजीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले त्या रात्रीची. शुद्धलेखनाचे गुण मी वेगळे कापतो; तेवढे मास्तरपण सुटत नाही. वह्या मात्र रद्दीत घालत नाही. शाळेच्या एका जुन्या कपाटात त्या वर्षांवार बांधून ठेवल्या आहेत. उंदरांपासून वाचल्या तर वाचतील.

वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीत घरी माणसे जमतात. त्यांत एखादे वडीलधारे असतेच, ज्यांनी तरुणपणी कुठेतरी परमुलखात, फलाटावर, धर्मशाळेत वा उघड्यावर एक रात्र काढलेली असते. फराळाच्या ताटाशी ते ती गोष्ट सांगू लागतात, आणि ‘आजोबा, ही मागेही सांगितली होती’ म्हणून आपण हसतो. यंदा हसण्याआधी कागद घ्या. साल विचारा, गावाचे नाव विचारा, खिशात किती पैसे होते आणि पाणी कोणी दिले ते विचारा. वैद्यांनी आपल्या उपाध्यायांना एवढेच विचारले होते.

आणि तो मुलगा? तो मोठा झाला असेल. नारायणगावच्या वाटेवर गाडी थांबली की मी उगाच मजुरांच्या घोळक्यात पाहतो. भेटला तर त्याचे सात गुण माझ्याकडे बाकी आहेत.