तळटीप : ‘चौघांना राखले, बाकीचे सोडले’

१. हा उल्लेख आयपीएलच्या 2021-22 मधील विस्ताराचा आहे. लखनौ आणि अहमदाबाद हे दोन संघ नव्याने आल्यामुळे संघांची संख्या आठवरून दहा झाली. जुन्या संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू राखता येत होते; त्यांत भारतीय तीनपेक्षा अधिक नकोत, परदेशी दोनपेक्षा अधिक नकोत. चौघांना राखल्यास संघाला खेळाडूंवर खर्चायला मिळणाऱ्या 90 कोटी रुपयांतून 42 कोटी वजा होत. उरलेल्यांतून नव्या संघांनी लिलावाआधीच प्रत्येकी तिघे उचलले. म्हणजे सोडलेला खेळाडू लिलावात परत मिळेलच, याची खात्री नव्हती. मुंबईने रोहित शर्मा, बुमरा, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना राखले. हार्दिक पंड्या अहमदाबादच्या संघाकडे, म्हणजे गुजरातकडे गेला. ईशान किशनला मात्र मुंबईने लिलावात 15.25 कोटींना परत घेतले. त्या मोसमात हार्दिकच्या नेतृत्वाखाली गुजरात विजेता ठरला, मुंबई तळाला राहिली.

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीत नव्या संघाला खेळाडू देण्याचे हेच काम लिलावाविना होते. 2017 मध्ये वेगासच्या नव्या संघाने जुन्या 30 संघांकडून प्रत्येकी एक खेळाडू घेतला. जुन्यांना सात आघाडीवीर, तीन बचावपटू व एक गोलरक्षक राखण्याची मुभा होती.

जळगाव-धुळ्याच्या वाचकांना जिल्हा संघाची निवड चाचणी परिचित असते. तिथे फक्त खेळ पाहिला जातो. आयपीएलमध्ये खेळाबरोबर किंमतही तोलावी लागते. पुढील प्रकरण वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. – संपादक