‘नाताळ’ या शब्दाचें कूळ

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत सणांच्या उगमाविषयीं कांहीं लिहावें, अशी सूचना आली तेव्हां आम्हांस प्रथम ‘नाताळ’ हा शब्दच आठवला. हा शब्द टाकून ‘ख्रिस्तजयंती’ म्हणावें, असें सुचविणारे सुशिक्षित तरुण आम्हांस भेटतात. फिरंग्यांनीं आणलेला शब्द त्यांच्या राज्याबरोबर जावयास हवा होता, असें त्यांचें म्हणणें. ‘ख्रिस्तजयंती’ शब्द चांगला आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु जुन्या माणसास घराबाहेर काढण्यापूर्वीं त्याचें कूळ तरी विचारावें.

‘नाताळ’ आमच्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, हें निर्विवाद. इ. स. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई त्यांस दिली व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली. राज्य गेलें, शब्द राहिला. आणि तो केवळ ख्रिस्ती घरांतच राहिला नाहीं, नाताळची सुटी सर्वांचीच झाली. १४९७ सालच्या नाताळांत वास्को द गामाचीं जहाजें आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून चाललीं होतीं, त्या किनाऱ्यासही हेंच नांव पडलें. गांधीजींनीं १८९४ सालीं हिंदी लोकांची काँग्रेस स्थापिली, तें नाताळ हेंच.

मात्र पोर्तुगीजांनीं हा शब्द घडविला नाहीं. तो त्यांस लॅटिन भाषेकडून मिळाला. ‘नातालिस’ म्हणजे जन्मदिवस. येथें एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. आरंभींच्या ख्रिस्ती लोकांस वाढदिवस साजरे करणें आवडत नसे. तिसऱ्या शतकांतील विद्वान ओरिजेन म्हणतो कीं, पवित्र शास्त्रांत कोणाही साधुपुरुषानें आपला जन्मदिवस साजरा केल्याचें आढळत नाहीं. तो केला फारोनें व हेरोदानें. एकानें त्या दिवशीं आपल्या मुख्य आचाऱ्यास टांगलें, दुसऱ्यानें योहान बाप्तिस्ताचें शिर उतरविलें.

मग ‘नातालिस’ हा शब्द ख्रिस्तसभेनें कशास लावला? रक्तसाक्षींच्या मृत्युदिनास! आपल्याकडे ज्या दिवसास पुण्यतिथि म्हणतात, त्यास ते लोक जन्मदिवस म्हणत. कारण त्या दिवशीं तो मनुष्य स्वर्गांत जन्मला, अशी त्यांची श्रद्धा. दुसऱ्या शतकांत स्मुर्ना नगरीचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांस चितेवर चढविण्यांत आलें. तेथील ख्रिस्तसभेनें लिहिलेलें पत्र आजही उपलब्ध आहे. त्यांच्या अस्थि आम्हीं जपून ठेविल्या असून, त्यांच्या रक्तसाक्षित्वाचा जन्मदिवस तेथें जमून आनंदानें पाळूं, असा त्याचा आशय आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत तो वृद्ध जळला, त्यांनीं हा शब्द वापरावा, याचा वाचकांनीं विचार करावा. ‘जयंती’ म्हटल्यानें जन्म कळतो. परंतु मरणाशीं असलेलें हें नातें त्यांत येत नाहीं.

३५४ सालीं रोम येथें तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथांत रक्तसाक्षींच्या मृत्युदिनांची यादी आहे. तिच्यांतील पहिली नोंद मात्र जन्माची आहे: २५ डिसेंबर, ख्रिस्त यहूदियांतील बेथलेहेम येथें जन्मला. फारो व हेरोद यांनीं वाढदिवशीं दुसऱ्याचें रक्त सांडलें; रक्तसाक्षींच्या या यादीच्या शिरोभागीं ज्याचा जन्म आहे, त्यानें स्वतःचें दिलें.

याच ग्रंथांत अन्यत्र त्याच तारखेस ‘अजिंक्य’ देवाचा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिवस नोंदला आहे. त्यावरून ख्रिस्तसभेनें सूर्याचा सण घेतला, असें कित्येक पंडित मानतात. दुसरे म्हणतात, पवित्र मरियेच्या गर्भधारणेचा दिवस २५ मार्च धरून तेथून नऊ महिने मोजले. संत आगुस्तीन यांनींही ही गणना दिली आहे. आम्हांस दुसरें मत अधिक ग्राह्य वाटतें. वाद अद्याप मिटलेला नाहीं, व त्यामुळें सणाचें कांहीं अडलेंही नाहीं.

ख्रिस्तसभेच्या सार्वत्रिक पंचांगांत ऐहिक जन्माचे सण आजही तीनच: प्रभूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा व २४ जूनला योहान बाप्तिस्ताचा. बाकी संतांचे दिवस बहुधा त्यांच्या मरणाचे. नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं, २६ डिसेंबरला, दगडमारानें मेलेल्या संत स्तेफनाचा सण येतो. रोमच्या जुन्या मिस्साग्रंथांत त्या दिवसासही हाच जन्माचा शब्द लाविलेला आहे.