ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टी

ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टी ही औषधांना पुरेशी दाद न देणाऱ्या तीव्र दम्यावरील एक औषधेतर उपचारपद्धती आहे. या पद्धतीत ब्रॉन्कोस्कोपमधून (श्वासनलिकांत उतरवण्याच्या दुर्बिणीतून) एक बारीक नळी आत नेऊन श्वासनलिकांच्या भिंतींना रेडिओ कंप्रतेच्या विद्युत प्रवाहाने नियंत्रित उष्णता दिली जाते. नलिकांभोवतीचे वाजवीपेक्षा जाड झालेले स्नायूंचे आवरण कायमचे कमी करणे हा तिचा उद्देश असतो. 'थर्मे' (उष्णता) आणि 'प्लासेइन' (घडवणे, आकार देणे) या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१० मध्ये १८ वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांसाठी या उपचाराच्या उपकरणाला मान्यता दिली. श्वासाद्वारे घेतली जाणारी स्टिरॉइड औषधे व दीर्घकाळ परिणाम करणारी श्वासनलिका-विस्फारके नियमित घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांपुरतीच ही मान्यता मर्यादित आहे.

आधारभूत कल्पना

श्वासनलिकांच्या भिंतीत अरेखित स्नायूंचे वेटोळे असते. हे स्नायू इच्छेनुसार आकुंचन पावत नाहीत. धूळ, परागकण, थंड हवा, विषाणूसंसर्ग अशा कारणांनी ते आवळले जातात व नलिकेचा मार्ग अरुंद होतो. दीर्घकाळ दमा असलेल्या व्यक्तींत या स्नायूंची जाडी वाढते. त्यामुळे किरकोळ कारणानेही नलिका प्रमाणाबाहेर आवळली जाते. श्वासाद्वारे घेतलेली विस्फारके हे आवळणे काही तासांपुरते सैल करतात आणि स्टिरॉइड औषधे दाह कमी करतात, पण वाढलेला स्नायू मात्र बव्हंशी तसाच राहतो.

हा स्नायू काढून टाकला तर शरीराचे काही नुकसान होईल का, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. आतड्यातील अरेखित स्नायू अन्न पुढे ढकलतात, रक्तवाहिन्यांतील स्नायू रक्तदाब सांभाळतात. श्वासनलिकांतील स्नायूंचे असे निर्विवाद कार्य मात्र सिद्ध झालेले नाही. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेन मिट्झनर यांनी २००४ मध्ये या स्नायूला फुप्फुसाचे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) अशी उपमा दिली. सर्व तज्ज्ञांना ती मान्य नाही. तथापि थर्मोप्लास्टीची सारी भिस्त याच गृहीतकावर आहे.

उपकरण

या उपचारासाठी वापरली जाणारी 'अलेर' नावाची यंत्रणा कॅलिफोर्नियातील अ‍ॅस्थमॅटिक्स या कंपनीने विकसित केली. २०१० मध्ये बोस्टन सायंटिफिक या कंपनीने ती कंपनी विकत घेतली. यंत्रणेचे मुख्य भाग दोन : ऊर्जा पुरवणारा नियंत्रक आणि एकदाच वापरून टाकून द्यायची लवचीक नळी (कॅथेटर). नळीच्या टोकाला चार तारांची एक छोटी जाळी असते. मुठीतील खटका दाबला की ती टोपलीसारखी फुलते आणि चारही तारा नलिकेच्या भिंतीला आतून टेकतात. प्रत्येक तारेचा सुमारे ५ मिलिमीटर भाग उघडा असून तेवढाच ऊर्जा देतो. रुग्णाच्या त्वचेवर एक चिकटपट्टी लावून विद्युत मंडल पूर्ण केले जाते.

तार स्वतः तापून भिंतीला चटका देते, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे, पण ती बरोबर नाही. सुमारे ४६० किलोहर्ट्झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह ऊतींतून जातो आणि ऊतींच्या विद्युतरोधामुळे उष्णता तेथेच निर्माण होते. एवढ्या उच्च कंप्रतेला मज्जातंतू वा हृदयाचे स्नायू उद्दीपित होत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे यासाठी टोकावरील तापमापकाच्या नोंदीनुसार नियंत्रक क्षणोक्षणी शक्ती कमीजास्त करतो. ऊर्जेची प्रत्येक मात्रा १० सेकंदांची असते. तारांचा स्पर्श नीट झाला नसेल, तर यंत्र ऊर्जा थांबवून तशी सूचना देते.

६५ अंश हा आकडा प्राण्यांवरील प्रयोगांतून आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरील अभ्यासात ५५, ६५ व ७५ अंश अशी तीन तापमाने वापरली होती. ५५ अंशांचा उपयोग झाला नाही. उरलेल्या दोन्ही तापमानांना स्नायू कमी झाला, नलिकांची अतिसंवेदनशीलता उतरली आणि हा परिणाम तीन वर्षांपर्यंत टिकला. त्यातील कमी तापमान पुढे मानवी उपचारासाठी घेण्यात आले.

प्रक्रिया

उपचार तीन बैठकांत, दोन बैठकांत साधारण तीन आठवड्यांचे अंतर ठेवून केला जातो. पहिल्या वेळी उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड, दुसऱ्या वेळी डाव्याचा खालचा खंड आणि शेवटी दोन्ही बाजूंचे वरचे खंड असा क्रम असतो. उजव्या फुप्फुसाचा मधला खंड वगळतात. त्याची नलिका लांब व अरुंद असल्याने सूज येऊन ती बंद पडण्याची भीती असते. सर्व भाग एकाच दिवशी न उरकण्याचे कारणही सूज हेच आहे. नुकत्याच उष्णता दिलेल्या नलिका काही दिवस सुजलेल्या असतात आणि तेवढा काळ श्वासासाठी उरलेल्या भागावर विसंबावे लागते.

बैठकीच्या तीन दिवस आधीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत रुग्णाला रोज ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा त्यासारखे स्टिरॉइड देण्याची रीत आहे. गुंगीचे औषध किंवा संपूर्ण भूल देऊन ब्रॉन्कोस्कोप आत नेतात. उपचार ३ ते १० मिलिमीटर व्यासाच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या नलिकांवरच होतो. दूरच्या टोकापासून सुरुवात करून नळी प्रत्येक मात्रेनंतर ५ मिलिमीटर मागे घेत येतात. नळीवरील खुणा अंतर मोजायला मदत करतात, परंतु कोणती शाखा झाली आणि कोणती राहिली याची नोंद डॉक्टरांनाच ठेवावी लागते. तोच भाग दुसऱ्यांदा तापवणे टाळायचे असते. एका बैठकीत साधारणतः ४० ते ७० मात्रा दिल्या जातात व अर्धा ते एक तास लागतो.

हृदयाचा पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत उपकरण असलेल्यांवर, तसेच ब्रॉन्कोस्कोपीसाठी लागणाऱ्या औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांवर हा उपचार करत नाहीत. श्वसनमार्गाचा संसर्ग झाला असल्यास किंवा गेल्या दोन आठवड्यांत दमा बळावला असल्यास बैठक पुढे ढकलतात.

मानवी चाचण्या

माणसांवरील पहिला प्रयोग कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी केला व तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांना दमा नव्हता. कर्करोगाच्या निदानामुळे किंवा संशयामुळे त्यांच्या फुप्फुसाचा खंड शस्त्रक्रियेने काढला जाणारच होता. शस्त्रक्रियेच्या काही दिवस ते तीन आठवडे आधी त्याच खंडात उष्णता दिल्यामुळे, पुढे काढलेल्या ऊतींत स्नायूचे काय झाले हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आले. २००६ मध्ये दम्याच्या १६ रुग्णांवरील अभ्यास आणि २००७ मध्ये ११२ रुग्णांची 'एआयआर' चाचणी प्रसिद्ध झाली. तीत दम्याच्या सौम्य झटक्यांचे प्रमाण घटले. मात्र कोणाला उपचार मिळाला आहे, हे रुग्णांना ठाऊक होते.

ही उणीव 'एआयआर-२' चाचणीने भरून काढली. सहा देशांतील ३० केंद्रांत झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २८८ रुग्ण होते. त्यांपैकी १९० जणांना खरा उपचार मिळाला, तर ९८ जणांवर लटकी प्रक्रिया झाली : ब्रॉन्कोस्कोप आत गेला, जाळी फुलली, यंत्राचे आवाजही झाले, पण ऊर्जा दिली गेली नाही. वर्षअखेर दम्यासंबंधीच्या जीवनमान-प्रश्नावलीत उपचार-गटाचे गुण १.३५ ने वाढले. लटक्या गटाचेही १.१६ ने वाढले. या प्रश्नावलीत ०.५ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. म्हणजे नुसत्या ब्रॉन्कोस्कोपीने आणि काटेकोर देखरेखीनेच त्याच्या दुपटीहून अधिक सुधारणा घडली, तर उष्णतेचा वाटा ०.१९ गुणांचा ठरला. मुख्य विश्लेषणात उपचार सरस असण्याची संभाव्यता ९६.० टक्के निघाली. आधी ठरवलेली मर्यादा ९६.४ टक्के होती.

दुय्यम निकष अधिक आशादायक होते. उपचारानंतरच्या काळात तीव्र झटके ३२ टक्क्यांनी, आपत्कालीन विभागातील भेटी ८४ टक्क्यांनी आणि कामावरील वा शाळेतील गैरहजेरी ६६ टक्क्यांनी कमी होती. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे प्रमाण मात्र बदलले नाही. त्यामुळे एकाच चाचणीच्या आधारे समर्थक व टीकाकार दोघेही आपापली बाजू मांडत आले आहेत. वर्षभरात तोंडावाटे स्टिरॉइडचे चार किंवा अधिक कोर्स घ्यावे लागलेल्या, तसेच तीन किंवा अधिक वेळा रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना चाचणीतून वगळले होते. ज्यांना या उपचाराची सर्वाधिक निकड, त्यांच्याविषयी ही चाचणी थोडेच सांगते, हा आक्षेप रास्त आहे.

उपचार-गटातील १६२ रुग्णांचा पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला आणि झटक्यांमधील घट टिकून असल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. लटक्या गटाचा पाठपुरावा एका वर्षानंतर थांबला असल्याने पुढील वर्षांसाठी तुलना उपलब्ध नाही.

धोके

उपचाराच्या आठवड्यांत दमा काहीसा बिघडतो, हे अपेक्षितच असते. खोकला, घरघर, छातीत जडपणा ही लक्षणे बहुधा एका दिवसात सुरू होतात व आठवड्याभरात ओसरतात. एआयआर-२ मध्ये उपचारकाळात ८.४ टक्के रुग्णांना श्वसनाच्या तक्रारींमुळे रुग्णालयात ठेवावे लागले. लटक्या गटात हे प्रमाण २ टक्के होते. फुप्फुसाचा एखादा भाग मिटणे, संसर्ग आणि क्वचित रक्तस्राव हे अन्य धोके होत.

दीर्घकालीन चित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा वर्षांहून अधिक काळच्या पाठपुराव्यातून काहीसे स्पष्ट झाले. आधीच्या चाचण्यांतील १९२ जण त्यात सहभागी झाले. एआयआर-२ मध्ये उपचार घेतलेल्या व मुळात श्वासनलिका-विस्तार (ब्रॉन्किएक्टेसिस) नसलेल्या ८९ जणांपैकी ६ जणांत तो नव्याने आढळला. बहुतेकांत तो सौम्य होता.

परिणामाचे कोडे

स्नायू खरोखर कमी होतो, याबद्दल आता फारशी शंका नाही. ४० रुग्णांच्या 'टास्मा' चाचणीत (२०२१) उपचारानंतरच्या ऊती-नमुन्यांत त्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. परंतु ज्यांचा स्नायू मुळात अधिक जाड होता, त्यांनाच अधिक लाभ झाला असे दिसले नाही. अन्य अभ्यासांत नलिकांच्या भिंतीतील मज्जातंतूही कमी झाल्याचे आढळले असून, झटके घटण्यामागे तेही कारण असावे असा एक विचार आहे. थोडक्यात, कोणत्या रुग्णाला गुण येईल हे आधी ओळखण्याची खात्रीची खूण हाती आलेली नाही.

शिफारशी व सद्यःस्थिती

युरोपीय व अमेरिकी श्वसनरोग संघटनांनी २०१४ मध्ये हा उपचार केवळ नोंदवही ठेवून किंवा संशोधनाचा भाग म्हणून करावा, असे सुचवले. अमेरिकेच्या २०२० मधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तो सरसकट न करण्याची सशर्त शिफारस केली. अल्पकालीन त्रास पत्करून संभाव्य लाभाला महत्त्व देणाऱ्या रुग्णांसाठी मात्र वाट मोकळी ठेवली.

दरम्यान परिस्थितीच बदलली. एआयआर-२ च्या काळात तीव्र दम्यासाठी ओमॅलिझुमॅब हे एकच जैविक औषध उपलब्ध होते. २०१५ पासून मेपोलिझुमॅब, डुपिलुमॅब, टेझेपेलुमॅब अशी औषधे आली आणि रक्ततपासणीवरून त्यांचे रुग्ण निवडणे बऱ्याच अंशी शक्य झाले. त्यामुळे थर्मोप्लास्टीचा विचार आता प्रामुख्याने या औषधांचा उपयोग न होणाऱ्या किंवा ती घेणे शक्य नसणाऱ्या रुग्णांपुरता होतो. त्याआधी निदान पक्के आहे ना, पंप योग्य रीतीने व नियमित ओढला जातो ना, धूम्रपान किंवा आम्लपित्तासारखी कारणे दूर केली आहेत ना, हे तपासणे आवश्यक मानतात. दमा 'असाध्य' भासणाऱ्या अनेकांचा प्रश्न याच पायरीवर सुटतो.

तत्सम उपकरणे

श्वासनलिकांना ऊर्जा देणारी इतर उपकरणे प्रामुख्याने दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकारासाठी (सीओपीडी) विकसित झाली आहेत. तप्त वाफेच्या पद्धतीत फुप्फुसाच्या निकामी, फुगलेल्या भागात मोजून वाफ सोडतात. तो भाग आक्रसतो आणि शेजारच्या निरोगी भागाला प्रसरणास जागा मिळते. लक्ष्यित मज्जाविच्छेदनात मुख्य श्वासनलिकांच्या बाहेरून जाणारे मज्जातंतू रेडिओ कंप्रता ऊर्जेने निकामी करतात व त्याच वेळी आतील अस्तर भाजू नये म्हणून नळीतून शीतक खेळवतात. ब्रॉन्कियल रिओप्लास्टी जुनाट खोकला व कफ असलेल्या रुग्णांसाठी आहे. तीत विद्युत क्षेत्राची अतिशय आखूड स्पंदे देऊन कफ स्रवणाऱ्या पेशी नष्ट केल्या जातात आणि त्यांच्या जागी नवे अस्तर येऊ दिले जाते. द्रव नायट्रोजनचा मोजका फवारा मारून अस्तर गोठवण्याची पद्धत नेमके उलट साधन वापरते, पण तिचा हेतू तोच आहे. कर्करोगाच्या गाठीने बंद झालेली श्वासनलिका मोकळी करण्यासाठी लेसर व आर्गॉन प्लाझ्मा यांचा वापर या सर्वांहून जुना आहे. त्या वेळी श्वासातील ऑक्सिजनचे प्रमाण ४० टक्क्यांखाली ठेवावे लागते, अन्यथा नलिकेत आग लागण्याचा धोका असतो.