पुण्याचा खुडरी : एका माशाचे नाव, एक कायदा आणि एक उलटलेला उपकार

मुळा-मुठेच्या संगमावरून दररोज हजारो पुणेकर जातात. खाली वाहणाऱ्या त्या काळ्या पाण्याने जीवशास्त्राला काही माशांची नावे दिली आहेत, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांतल्याच एका नावाची ही कथा.

पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. १८२४ साली एल्फिन्स्टनने विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यास नेमले. जमीन, पिके, माणसे मोजता मोजता हा गृहस्थ पक्षी आणि मासेही मोजू लागला. १८३१ मध्ये तो परतला आणि पुढे १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध आला. चाळीसहून अधिक जातींची ही यादी आजही मूळ आधार मानली जाते.

या यादीची गंमत तिच्या नावांत आहे. पुष्कळदा सायक्सने मराठी मुलखातले प्रचलित नावच उचलून लॅटिन साच्यात बसवले. नुकटा, अळकुटी, शिंगटी हे शब्द त्यामुळे शास्त्रीय नावांत गेले. पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवलेदार माशाला त्याने ‘बार्बस खुडरी’ म्हटले. आजचे नाव ‘टोर खुडरी’, म्हणजे दख्खनचा महसीर. ज्या कोळी-भोयांच्या तोंडून हे शब्द आले असतील, त्यांची नावे मात्र कागदावर उतरली नाहीत.

मासेमारीला मर्यादा घालण्याची कल्पना इंग्रजांनी आणली, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या २६व्या वर्षी, ठरावीक पौर्णिमांना व उपोसथाच्या दिवशी मासे मारणे आणि विकणे या दोन्हींना मनाई आहे. केवळ मारणाऱ्याला नव्हे, बाजारालाही बांधणारा हा नियम आहे. त्याच लेखात ‘केवटभोग’, म्हणजे कोळ्यांच्या राखीव पाण्याचाही उल्लेख येतो.

दख्खनचाच दाखला हवा असेल तर बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर पाहावा. त्याच्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, गळ टाकण्याची रीत हे सारे त्यात आहे. तेथे मासा आधी पोसायचा आणि मग धरायचा आहे. विशेष म्हणजे विसाव्या शतकात या प्रकरणाचा अभ्यास करणारे सुंदरलाल होरा हे मत्स्यशास्त्रज्ञ पुण्याच्या माशांवरही लिहून गेले होते.

लोकरीतीतली बंदी आणखी साधी होती. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहातले महसीर देवीचे मानले जातात, म्हणून त्यांना कोणी जाळे लावत नाही. असे देवडोह सह्याद्रीत ठिकठिकाणी राखले गेले. पण डोहाबाहेर रामेठ्याची साल किंवा गेळफळ ठेचून पाण्यात घालायचे आणि गुंगलेले मासे वेचायचे, हीही रीत जुनीच. भूतकाळ सगळाच सोवळा नव्हता. फरक प्रमाणाचा होता, कारण सालीचे विष एका डबक्यापुरते चाले.

१८६७ साली नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले आणि हे प्रमाणच मोडले. खाणी, बोगदे आणि धरणांच्या कामांसाठी आलेली ही कांडी डोहातही पडू लागली. स्फोट लहानमोठे पाहत नाही. अंड्यावरची मादी आणि बोटभर पिल्लू एकाच वेळी मरतात, आणि कित्येक मासे तर हाती न लागता तळाशीच जातात. फ्रान्सिस डे याने १८७३ च्या आपल्या अहवालात पिल्लांच्या बेसुमार संहाराबद्दल सरकारला बजावले होते. कायदा यायला मात्र १८९७ साल उजाडले.

पुण्याच्या इतिहासात १८९७ म्हणजे प्लेग, रँड आणि चापेकर. त्याच वर्षीच्या ‘भारतीय मत्स्य अधिनियमा’कडे कोण पाहणार! स्फोटके वा विष वापरून मासे मारल्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, जाळ्यांच्या आकारावर नियंत्रण, आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंदी घालण्याची मुभा अशा त्यातल्या तरतुदी. मासे मारण्याच्या हेतूने विष घालणारा त्यात गुन्हेगार ठरला. नाल्यातून तेच पाण्यात सोडणाऱ्या नगराचा मासे मारण्याचा हेतू नसतो, त्यामुळे या कलमात ते सापडत नाही.

शिवाय खुडरीचा मोठा शत्रू कायद्याच्या कक्षेतच नव्हता. हा मासा पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर चढतो. १८७९ मध्ये मुठेवर खडकवासला उभे राहिले. पुढे मुळेवर मुळशीचे धरण आले, ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. त्या लढ्यात बुडाले ते मावळ्यांचे गाव आणि शेत. माशाची वाटही अडली, पण तिची तक्रार करणारे कोणी नव्हते.

मग विलक्षण गोष्ट घडली. धरणे बांधणाऱ्या टाटांच्याच लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या सुमारास महसीरचे बीजोत्पादन केंद्र सुरू झाले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुडरीची अंडी आणि पिल्लांची वाढ यांचा बारकाईने अभ्यास केला. तेथली लाखो पिल्ले पुढे देशातल्या अनेक राज्यांत पोहोचली. नामशेष होऊ पाहणारा मासा वाचवण्याचे हे काम मनापासून केलेले होते, यात शंका नाही.

त्यांतली काही पिल्ले कावेरीत सोडली गेली. तेथे कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर पूर्वीपासून नांदत होता. पकडून पुन्हा सोडून देणाऱ्या गळकऱ्यांच्या तेथील तळांवर प्रत्येक माशाची नोंद होत असे, आणि त्या तळांच्या राबत्यामुळे सुरुंग लावणाऱ्यांनाही वचक बसे. २०१५ साली संशोधकांनी त्या वह्या तपासल्या. कुबडवाला वर्षागणिक घटत गेला होता, निळसर परांचा पाहुणा वाढत गेला होता. तोवर अभयारण्यातील गळ टाकण्याला बंदी होऊन तळ उठले होते आणि वह्याही थांबल्या होत्या.

२०१८ मध्ये कुबडवाल्याची ओळख अखेर निश्चित झाली, ‘टोर रेमादेवी’. त्याच वर्षी तो जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून गेला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सायक्सचा खुडरी ‘संकटग्रस्त’ वर्गातून बाहेर पडून ‘किमान चिंता’ या वर्गात आला.